वसईच्या गोन्सालोला ज्या संघाने घेतलं नाही, त्यावर तो थांबला नाही. तिशीत त्याने पहिल्यापासून सुरुवात केली आणि भारताचा पहिला कॅथलिक संत झाला

पालघर जिल्हा म्हटलं की काय आठवतं? तारापूरचं अणुऊर्जा केंद्र, बोईसरची एमआयडीसी, डहाणूचे चिकू, जव्हारची वारली चित्रं आणि वसईची केळी. फार तर चिमाजी आप्पांची वसईची मोहीम.

पण जपानमधल्या नागासाकी शहरात निशिझाका नावाची एक टेकडी आहे. तिथे १९६२ साली एक स्मारक उभं राहिलं. एका लांब भिंतीवर ब्राँझचे सव्वीस पुतळे, बहुतेक हात जोडलेले. त्यात जपानी आहेत, स्पॅनिश आहेत, एक मेक्सिकोचा आहे.

आणि एक आपल्या वसईचा आहे.

त्याचं नाव गोन्सालो गार्सिया. भारतात जन्मलेला आणि कॅथलिक ख्रिस्तसभेने अधिकृतपणे संत म्हणून जाहीर केलेला हा पहिला माणूस. वसईत त्याच्या नावाचं कॉलेज आहे, गास गावात त्याच्या नावाचं चर्च आहे. वसई-विरारमध्ये राहणाऱ्या अनेकांनी हे नाव कॉलेजच्या पाटीवर वाचलेलं असतं. पण हा माणूस नेमका कोण होता हे विचारलं, तर जपानमध्ये मारला गेला, एवढंच उत्तर मिळतं.

तो जपानमध्ये मारला गेला हे खरंच. पण त्याच्या आयुष्यातली खरी गोष्ट त्याच्या दहाएक वर्षं आधी घडली होती. ज्या संघात जायचं स्वप्न त्याने लहानपणापासून पाहिलं, त्या संघाने त्याला घेतलं नाही. त्याने तो नाद सोडला, व्यापार केला, पैसा कमावला. आणि सगळं बरं चाललेलं असताना तिशीच्या आसपास तो दुसऱ्या एका संघाच्या दारात जाऊन उभा राहिला, तेही सगळ्यात खालच्या पायरीवर.

तर सुरुवात करू वसईपासून.

१५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने तह करून वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. पुढची दोनशे वर्षं या किनाऱ्यावर पोर्तुगीजांचं राज्य होतं. वसई हे त्यांच्या उत्तरेकडच्या प्रांताचं मुख्य ठाणं झालं. तिथून वर शिरगाव, केळवे-माहीम, तारापूर, डहाणू अशी किनाऱ्याने किल्ल्यांची आणि गढ्यांची रांगच लागली. आज पालघर जिल्ह्यात समुद्रकाठाने फिरताना जे पडके बुरूज दिसतात, त्यातले बरेच या काळातले आहेत.

या वसईत १५५६-५७ च्या सुमारास गोन्सालोचा जन्म झाला. बाप पोर्तुगीज शिपाई आणि आई इथलीच, कोकणातली. त्या काळी पोर्तुगीज अंमलाखालच्या गावांत अशी घरं बरीच होती. पण अशा घरातल्या पोराची अवस्था जरा विचित्र असायची. गावातल्या लोकांसाठी तो फिरंग्याचा मुलगा आणि पोर्तुगालहून आलेल्या गोऱ्यांसाठी हिंदुस्थानी बाईचा. नाव पोर्तुगीज, धर्म पोर्तुगीजांचा, पण रक्ताचा हिशोब मांडला की तो पूर्ण त्यांचा नव्हता.

हा हिशोब पुढे त्याला फार महागात पडणार होता.

त्या काळात वसईत कॅथलिक धर्माचे वेगवेगळे संघ काम करत होते. संघ म्हणजे व्रत घेतलेल्या धर्मगुरूंच्या आणि बंधूंच्या संघटना. प्रत्येकाचे नियम वेगळे, वेश वेगळा, कामाची पद्धत वेगळी. वसईत फ्रान्सिस्कन होते आणि जेझुइटही होते. फ्रान्सिस्कन हा इटलीतल्या असिसीच्या संत फ्रान्सिसने तेराव्या शतकात सुरू केलेला गरिबीचं व्रत घेणाऱ्यांचा संघ. जेझुइट म्हणजे येशूसंघ हा त्या मानाने नवा, १५४० साली पोपची मान्यता मिळालेला. गोव्यात ज्यांचं शव आहे ते संत फ्रान्सिस झेविअर जेझुइटच. झेविअर स्वतः वसईला येऊन गेले होते आणि १५४८ च्या सुमारास जेझुइटांनी वसईत आपलं काम सुरू केलं.

गोन्सालो वाढला तो या जेझुइटांच्या हाताखाली. लिहायला, वाचायला, प्रार्थना करायला त्यांनीच शिकवलं. सेबास्तियाव गोन्साल्विस नावाच्या धर्मगुरूंचं या पोरावर विशेष लक्ष होतं. वसईच्या किल्ल्यात जेझुइटांचं जे चर्च होतं, ते आज गोन्सालो गार्सियाच्याच नावाने ओळखलं जातं.

मोठं होऊन आपणही जेझुइट व्हायचं, हे त्या वयातल्या पोराच्या मनात येणं साहजिकच होतं. आपल्याकडे मठात वाढलेल्या पोराला त्या गुरूंसारखं व्हावंसं वाटतं, तसंच ते.

वयाच्या साधारण पंधराव्या वर्षी त्याला संधी मिळाली. जपानला जाणाऱ्या जेझुइटांसोबत सेबास्तियाव गोन्साल्विस त्यालाही घेऊन निघाले. हे साल साधारण १५७२. म्हणजे इकडे पैठणला एकनाथ महाराज भारुडं रचत होते, त्या काळात वसईचा हा मुलगा शिडाच्या जहाजातून जपानकडे चालला होता.

जपान तेव्हा आतल्या आत धुमसत होता. एक राजा, एक राज्य अशी व्यवस्था नावापुरतीच उरली होती. निरनिराळे सरदार आपापल्या मुलखात सत्ता गाजवत होते आणि एकमेकांशी लढत होते. झेविअर १५४९ साली तिथे पोचले होते, तेव्हापासून जेझुइटांचं काम सुरू होतं. नागासाकी हे बंदर तर गोन्सालो पोचायच्या एखाद वर्ष आधीच, १५७१ मध्ये, पोर्तुगीज जहाजांसाठी खुलं झालं होतं.

तिथे गेल्यावर गोन्सालोने एक गोष्ट केली, जी युरोपातून आलेल्या मोठमोठ्या विद्वानांना जड जायची. तो जपानी भाषा शिकला.

नुसती बाजारात चालण्यापुरती नाही. समोरच्याचा मान बघून बोलण्याची पद्धत बदलणारी ती भाषा त्याला सहज बोलता यायला लागली. जेझुइटांनी त्याला उपदेशकाचं काम दिलं. ज्यांना बाप्तिस्मा घ्यायचा आहे त्यांना धर्माची ओळख करून द्यायची, मुलांना प्रार्थना शिकवायच्या, धर्मगुरूंचं बोलणं लोकांना त्यांच्या भाषेत समजावून सांगायचं. माणूस गोड बोलणारा होता, लोकांत मिसळणारा होता. तो जिथे जाईल तिथे त्याच्या ओळखी होत.

अशी आठेक वर्षं गेली. काम जेझुइटांचं, राहणं जेझुइटांत, शिस्तही त्यांचीच. फक्त तो जेझुइट नव्हता.

त्याने संघात घ्या म्हणून विनंती केली आणि ती मान्य झाली नाही.

यामागचं कारण समजून घ्यायचं तर त्या काळातल्या चर्चमधल्या एका कटू गोष्टीकडे बघावं लागतं. पूर्वेकडच्या जेझुइटांचे प्रमुख होते अलेस्सांद्रो वालिन्यानो नावाचे इटालियन धर्मगुरू. जपानी लोकांबद्दल त्यांचं मत फार चांगलं होतं आणि त्यांना संघात घ्यावं असा त्यांचा आग्रह होता. पण हिंदुस्थानी लोकांना आणि हिंदुस्थानात मिश्र घरांत जन्मलेल्यांना संघात घ्यायला ते राजी नव्हते. जो धर्म देवापुढे सगळे सारखे असं शिकवत होता, त्याच्याच संघाच्या दारात आईचं कूळ विचारलं जात होतं. आपल्या समाजालाही हा प्रकार काही अनोळखी नाही.

गोन्सालोसारखा माणूस म्हणजे कामाला हवा, पण पंगतीला नको, अशी गत झाली.

दुसरा कुणी असता तर दोनपैकी एक गोष्ट घडली असती. एक तर तो तसाच, आहे त्या जागी, कुरकुरत आयुष्यभर राबला असता. नाहीतर धर्माचाच तिटकारा येऊन सगळं सोडून निघून गेला असता. गोन्सालो यातल्या दुसऱ्या वाटेने काही पावलं गेला असं म्हणता येईल. त्याने जेझुइटांचं काम सोडलं आणि व्यापारात उतरला.

व्यापारासाठी काळ उत्तम होता. चीनचं रेशीम मकावमधून जपानला जायचं आणि त्या बदल्यात जपानची चांदी बाहेर यायची. या उलाढालीत सगळ्यात मोलाचा माणूस कोण, तर ज्याला दोन्हीकडची भाषा येते आणि ज्याच्या दोन्हीकडे ओळखी आहेत तो. गोन्सालोकडे दोन्ही होतं. बघता बघता त्याचा जम बसला. पूर्वेकडच्या बंदरांमध्ये त्याचे व्यवहार चालू लागले, गाठीला पैसा आला.

वसईच्या शिपायाचा पोर आता सधन व्यापारी होता. घरी परतून वाडी घेतली असती, लग्न केलं असतं, तर गावात मानाने जगला असता. पण व्यापाराच्या फेऱ्यांमध्ये तो फिलिपाइन्सच्या मनिला शहरात पोचला आणि तिथे गोष्ट फिरली.

मनिला तेव्हा स्पेनच्या ताब्यात होतं. १५८० पासून स्पेन आणि पोर्तुगालचा राजा एकच होता, पण दोघांचे पूर्वेकडचे कारभार वेगवेगळे चालत. पोर्तुगीजांचं गोवा-मकाव-नागासाकी आणि स्पॅनिशांचं मेक्सिको-मनिला. पोर्तुगीजांच्या मार्गावर जेझुइटांचं वजन होतं, तर मनिलात फ्रान्सिस्कन बंधूंचं काम जोरात होतं.

हे फ्रान्सिस्कन वेगळे होते. अंगात जाडाभरडा झगा, कमरेला दोरी, पायात धड काही नाही. स्वतःच्या मालकीचं काहीच ठेवायचं नाही आणि लोक जे देतील त्यावर जगायचं, असा त्यांचा नियम. आपल्याकडची माधुकरी आठवावी. गरिबांच्या वस्तीत राहायचं आणि रोग्यांची सेवा करायची.

गोन्सालोचं त्यांच्याकडे येणंजाणं सुरू झालं. आणि १५८० च्या दशकाच्या अखेरीस या व्यापाऱ्याने आपला व्याप आवरला आणि फ्रान्सिस्कन संघात प्रवेश मागितला.

या वेळी दार उघडलं.

पण तो धर्मगुरू म्हणून नाही, साधा बंधू म्हणून आत गेला. हा फरक समजून घ्यायला हवा. संघात दोन प्रकारचे लोक असत. एक दीक्षा झालेले धर्मगुरू, जे मिस्सा अर्पण करत, पापनिवेदन ऐकत, प्रवचन देत. दुसरे साधे बंधू, जे व्रतं तीच घेत, पण वाट्याला काम यायचं ते स्वयंपाक, झाडलोट, भिक्षा गोळा करणं, दारावर येणाऱ्यांना बघणं, आजाऱ्यांची उस्तवार. नाव, हुद्दा, अधिकार काही नाही. चार माणसं हाताखाली ठेवून व्यापार करणारा, जपानच्या बंदरांत ओळखला जाणारा माणूस तिशीच्या वयात जाऊन सगळ्यात धाकटा झाला.

नव्याने सुरुवात म्हटलं की आपल्याला वाटतं, जुनं सगळं पुसायचं आणि कोरी पाटी घ्यायची. गोन्सालोच्या बाबतीत तसं झालं नाही. त्याने पैसा सोडला, पण शिकलेलं सोबत आणलं. जी आठ वर्षं वाया गेली असं कुणालाही वाटलं असतं, त्याच वर्षांनी त्याला पुढचं काम दिलं.

गंमत म्हणजे त्याच मनिलाच्या मठात असाच दुसरा एक तरुण येऊन दाखल झाला होता. फेलिपे दे हेसुस हा मेक्सिकोचा. त्याने मेक्सिकोत फ्रान्सिस्कन संघात प्रवेश घेतला होता, पण तिथलं कडक जगणं झेपेना म्हणून मधेच सोडलं. बापाने त्याला व्यापारासाठी मनिलाला पाठवलं, तिथे त्याने मजा केली आणि मग त्याच संघात पुन्हा प्रवेश मागितला. संघानेही त्याला परत घेतलं. एकाला बाहेर ठेवलेलं, दुसरा स्वतःच बाहेर पडलेला. या दोघांची गाठ पुढे कुठे पडणार होती, हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं.

आता जपानकडे परत येऊ.

मधल्या काळात जपानचं चित्र पालटलं होतं. आपसात भांडणाऱ्या सरदारांना नमवून तोयोतोमी हिदेयोशी देशाचा सर्वेसर्वा झाला होता. सामान्य घरात जन्मून स्वतःच्या हिमतीवर वर आलेला हा माणूस. १५८७ मध्ये त्याने ख्रिस्ती धर्मगुरूंनी देश सोडावा असा हुकूम काढला. पण पोर्तुगीज जहाजांचा व्यापार त्याला हवा होता, त्यामुळे हुकूम पूर्ण अमलात आला नाही. जेझुइट मात्र सावध झाले. उघडपणे काही न करता गुपचूप काम करायचं, असं त्यांनी ठरवलं.

हिदेयोशीची नजर आता जपानच्या बाहेर गेली होती. १५९२ मध्ये त्याने कोरियावर फौज घातली. तशातच त्याने मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरला निरोप धाडला की मुकाट्याने माझं स्वामित्व मान्य करा. मनिलात घबराट पसरली. हातात शिबंदी थोडी, समोर जपानची लढाऊ फौज. वेळ काढण्यासाठी गव्हर्नरने वकील पाठवला. हुआन कोबो नावाचे धर्मगुरू त्या कामगिरीवर गेले, पण परतताना त्यांचा मृत्यू झाला.

मग दुसरं पथक पाठवायचं ठरलं. प्रमुख म्हणून निवड झाली पेद्रो बाउतिस्ता या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंची. माणूस अनुभवी होता, पण जपानी भाषेचं काय?

मठात एक बंधू होता ज्याला ती येत होती.

१५९३ मध्ये पेद्रो बाउतिस्ता, गोन्सालो आणि आणखी दोन फ्रान्सिस्कन जपानला पोचले. कोरियाच्या मोहिमेसाठी हिदेयोशीने क्यूशू बेटावर नागोया नावाच्या ठिकाणी छावणी टाकली होती, तिथे त्यांची भेट झाली. एका बाजूला जपानचा सर्वेसर्वा, दुसऱ्या बाजूला जाड्याभरड्या झग्यातले चार बंधू आणि दोघांच्या मधे बोलणारा वसईचा गोन्सालो. एक शब्द चुकला तर मनिलावर चढाई व्हायची, किंवा जागच्या जागी मुंडकी उडायची.

भेट निभावली. मैत्रीच्या तहाचं बोलणं झालं आणि फ्रान्सिस्कनांना तिथे राहायची परवानगीही मिळाली. ते राजधानी क्योतोला गेले. हिदेयोशीने दिलेल्या जागेवर त्यांनी मठ आणि चर्च उभारलं. १५९४ मध्ये ते चर्च सुरू झालं.

त्यानंतर क्योतोत जे सुरू झालं, तो गोन्सालोच्या आयुष्यातला सगळ्यात भरलेला काळ.

फ्रान्सिस्कनांनी गरिबांसाठी आणि कुष्ठरोग्यांसाठी दवाखाने काढले. कुष्ठरोग झाला की माणूस घरातून आणि गावातून बाहेर काढला जायचा, हे जपानमध्येही होतं आणि आपल्याकडेही होतं. बंधू त्यांच्या जखमा धुवायचे, त्यांना जेवू घालायचे. गोन्सालो यात होताच, शिवाय सगळ्यांची जीभही तोच होता. युरोपातून आलेल्या धर्मगुरूंना रोग्याचं दुखणं कळायचं ते त्याच्याकडून आणि रोग्यांना धर्मगुरूंचा धीर कळायचा तोही त्याच्याकडून.

हळूहळू मठाभोवती जपानी लोकांचा एक समाज जमला. कुणी दवाखान्यात काम करायचं, कुणी धर्म शिकवायचं, कुणी स्वयंपाक बघायचं. यातल्या अनेकांची ही नवी सुरुवात होती. बोनाव्हेंतुरा नावाच्या एकाबद्दल असं सांगतात की लहानपणी त्याचा बाप्तिस्मा झालेला होता, आई गेल्यावर त्याला बौद्ध मठात ठेवण्यात आलं आणि मोठेपणी तो या बंधूंकडे परत आला. ज्याला स्वतःला उंबऱ्याबाहेर उभं राहावं लागलं होतं, तो गोन्सालो आता अशा लोकांना आत घेत होता.

पण हे सगळं उघडउघड चाललं होतं. सावध जेझुइटांना ते रुचत नव्हतं. शिवाय पोपनी १५८५ मध्ये जपानचं काम फक्त जेझुइटांकडे सोपवलं होतं, त्यामुळे फ्रान्सिस्कनांनी इथे यावं की नाही यावरूनच वाद होता. एका बाजूला पोर्तुगीज आणि जेझुइट, दुसऱ्या बाजूला स्पॅनिश आणि फ्रान्सिस्कन अशी ओढाताण सुरू होती.

आणि मग एक जहाज फुटलं.

१५९६ च्या ऑक्टोबरमध्ये 'सान फेलिपे' हे स्पॅनिश जहाज मनिलाहून मेक्सिकोला निघालं असताना वादळात सापडून जपानच्या शिकोकू बेटाच्या किनाऱ्याला लागलं. आत मौल्यवान माल ठासून भरलेला होता. हिदेयोशीच्या माणसांनी तो जप्त केला. वाद वाढला. असं सांगतात की जहाजाच्या सुकाणूवाल्याने आपल्या राजाचं साम्राज्य किती मोठं आहे हे दाखवण्याच्या भरात, आधी धर्मगुरू येतात आणि मागून फौज येते, अशा अर्थाचं काहीतरी बोलून टाकलं. तो नेमकं काय बोलला यावर आजही इतिहासकारांत वाद आहे. पण हिदेयोशीने क्योतो आणि ओसाकाच्या बंधूंना पकडायचा हुकूम सोडला.

याच जहाजात मेक्सिकोचा फेलिपे होता. तो धर्मगुरूपदाची दीक्षा घेण्यासाठी मायदेशी चालला होता. जहाज फुटल्यावर तो क्योतोच्या मठात येऊन राहिला आणि तिथेच पकडला गेला. मनिलाच्या मठातले दोन उशिरा आलेले बंधू आता एकाच कैदेत होते.

८ डिसेंबर १५९६ पासून मठाभोवती पहारा बसला. मग नावांची यादी झाली. यादीत फ्रान्सिस्कन बंधू होते, त्यांच्यासोबत काम करणारे जपानी ख्रिस्ती होते आणि पॉल मिकी यांच्यासह तीन जपानी जेझुइटही होते. यादीत माथियास नावाचा एक माणूस होता, पण तो जागेवर सापडेना. शिपाई नाव पुकारत असताना शेजारचा त्याच नावाचा दुसराच माणूस पुढे आला आणि म्हणाला की मी पण माथियास, मी पण ख्रिस्ती. शिपायांना संख्या भरायची होती. त्यांनी त्याला घेतलं, अशी कथा सांगितली जाते.

शिक्षा अशी ठरली की सगळ्यांची नाकं आणि कान कापायचे, शहरांतून धिंड काढायची आणि नागासाकीला नेऊन क्रुसावर मारायचं. शिक्षेची जबाबदारी असलेल्या इशिदा मित्सुनारी या अधिकाऱ्याने त्यातल्या त्यात दया दाखवली. नाक-कान न कापता फक्त डाव्या कानाची पाळी कापली. १५९७ च्या जानेवारीत, क्योतोच्या भर रस्त्यात.

तिथून चालणं सुरू झालं. ऐन हिवाळ्याचे दिवस, शेकडो किलोमीटरची वाट आणि महिनाभराचा प्रवास. निघाले तेव्हा चोवीस जण होते. वाटेत त्यांची सेवा करायला सोबत चाललेल्या दोघांनाही शिपायांनी त्यांच्यात ढकललं आणि संख्या सव्वीस झाली. सहा फ्रान्सिस्कन, तीन जेझुइट आणि सतरा साधी माणसं. त्यात तीन मुलं होती. सगळ्यात लहान लुदोविको इबाराकी, वय बारा. धर्म सोड, तुला सोडतो, असं त्याला सांगून पाहिलं. त्याने मानलं नाही.

एक गोष्ट इथे नजरेत भरते. ज्या जेझुइट संघाने गोन्सालोला आत घेतलं नव्हतं, त्या संघाचे तीन जण आणि गोन्सालो आता एकाच दोरीने बांधले होते. मठांच्या भिंतींमधले वाद क्योतोतच मागे राहिले.

५ फेब्रुवारी १५९७ च्या सकाळी ते नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर पोचले. सव्वीस क्रूस तयार होते. खिळे न ठोकता लोखंडी कड्यांनी आणि दोरांनी प्रत्येकाला बांधलं. क्रूस उभे केले. हजारो लोक टेकडीखाली जमले होते. मग भालेकऱ्यांनी दोन्ही बाजूंनी भाले खुपसले.

गोन्सालो तेव्हा चाळीस वर्षांचा होता. वसई सोडून पंचवीस वर्षं झाली होती आणि नव्या वाटेवर येऊन जेमतेम नऊ-दहा.

हिदेयोशी पुढच्याच वर्षी वारला. १६१४ मध्ये जपानात ख्रिस्ती धर्मावर संपूर्ण बंदी आली. पण गोन्सालोचं नाव फिरत राहिलं. १६२७ मध्ये पोपनी या हुतात्म्यांना धन्यवादित घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी. आणि मग त्याचं नाव थेट ब्राझीलला पोचलं. तिथल्या रेसिफे शहरात मिश्र वंशाच्या लोकांनी १७४५ मध्ये गोन्सालोचा मोठा उत्सव केला. गोऱ्यांच्या समाजात त्यांनाही कमी लेखलं जायचं, त्यांनाही बाहेर ठेवलं जायचं. मिश्र रक्ताचा माणूसही देवाच्या इतक्या जवळ जाऊ शकतो याचा दाखला म्हणून त्यांनी हा वसईचा बंधू आपला मानला. ज्या कारणाने त्याला एकदा नाकारलं होतं, त्याच कारणाने तो हजारो मैलांवरच्या लोकांना आपला वाटला.

८ जून १८६२ रोजी पोप पायस नववे यांनी रोममध्ये सव्वीस जणांना संत जाहीर केलं. फेलिपे मेक्सिकोचा पहिला संत ठरला आणि गोन्सालो भारताचा.

त्यानंतर तीनच वर्षांनी नागासाकीत एक नवल घडलं. या सव्वीस हुतात्म्यांच्या नावाने तिथे ओउरा चर्च नव्याने बांधलं होतं. १८६५ च्या मार्चमध्ये काही गावकरी तिथल्या फ्रेंच धर्मगुरूंना भेटायला आले आणि त्यांनी हळूच सांगितलं की आम्हीही तुमच्याच श्रद्धेचे आहोत. अडीचशे वर्षं चर्च नाही, धर्मगुरू नाही, पकडलं तर मरण, अशा स्थितीत त्यांच्या वाडवडिलांनी घरातल्या घरात प्रार्थना जपल्या होत्या.

इकडे वसईत मधल्या काळात काय झालं? १७३९ च्या जानेवारीत चिमाजी आप्पांच्या फौजेने तारापूरचा किल्ला घेतला. त्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर पडले. मे महिन्यात वसई पडली आणि पोर्तुगीज गेले. पण ख्रिस्ती गावकरी राहिले. ते परके नव्हतेच, इथलेच शेतकरी, माळी, कोळी होते. तहात त्यांना आपला धर्म पाळायची मुभा होती. आज वसईतले ख्रिस्ती मराठी, सामवेदी बोलतात आणि मराठीतच मिस्सा करतात. याच मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

२०१४ मध्ये ठाण्यातून फुटून पालघर हा वेगळा जिल्हा झाला आणि गोन्सालोचं गाव त्यात आलं. याच जिल्ह्यात बोईसर-तारापूरच्या कारखान्यांनी देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं ओढून आणली. नवं गाव, नवी भाषा, नवी वस्ती. देवळात, मशिदीत, चर्चमध्येही ती आधी मागच्या ओळीत उभी राहतात. चार तोंडं ओळखीची होईपर्यंत मन बावरलेलं असतं. कुणी आपलं जुनं काहीतरी मोडून आलेलं असतं, कुणी वर्षानुवर्षांनी पुन्हा प्रार्थनेला उभं राहत असतं.

अशा माणसाला गोन्सालोकडून घेण्यासारखं बरंच आहे. उशीर झाला म्हणून तो थांबला नाही. पहिल्यांदा नाही म्हणणाऱ्यांवरचा राग त्याने जन्मभर पोसला नाही. मानाची जागा द्या तरच येतो असंही म्हटलं नाही, मिळाली ती शेवटची जागा घेतली. आणि तिथून त्याला जे काम मिळालं, ते त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला जमण्यासारखं नव्हतं.

दरवर्षी ५ फेब्रुवारीला नागासाकीच्या त्या टेकडीवर सव्वीस जणांची आठवण काढली जाते. पुढच्या वेळी वसईच्या किल्ल्यात गेलात, तर चिमाजी आप्पांना मुजरा करून झाल्यावर जेझुइटांच्या त्या चर्चपर्यंतही जाऊन या. तिथे मुळाक्षरं गिरवलेला एक पोरगा जपानात या जिल्ह्याचं नाव ठेवून गेला आहे.